अर्कंगथंडची पेटी आणि कंपासवरचा बाण

आज सकाळी कुणीतरी लिहिलेली तीन ओळींची तुलना वाचली. ऑब्लिव्हियन या व्हिडिओ गेमची २०२५ची नवी आवृत्ती खेळून झाल्यावर त्या माणसाने त्याच मालिकेतला आधीचा भाग, मॉरोविंड उघडला, आणि निकाल देऊन मोकळा झाला. कुठे जायचं ते कळत नाही, तलवार लागत नाही (वार हुकतो), चालणं संथ; पुढच्या भागाने, म्हणजे ऑब्लिव्हियनने, हे सगळं दुरुस्त केलं. हा "दुरुस्त" शब्द दिवसभर डोक्यातून गेलेला नाही. २००२चा मॉरोविंड काय बिघडलेलं यंत्र होतं का, की २००६मध्ये त्याची दुरुस्ती करावी लागली?

आपल्यापैकी ज्यांनी मॉरोविंड मनापासून खेळलाय त्यांना ड्वेमर पेटी म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. सेडा नीनच्या बंदरात कैदी म्हणून उतरायचं, कागदपत्रं करायची, एक पाकीट आणि ८७ नाणी घेऊन बालमोरा गाठायचं. तिथे साउथ वॉल कॉर्नरक्लब या गुत्त्यात केयस कोसाडेसचा पत्ता विचारायचा, पाकीट त्यालाच द्यायचं असतं आणि पुढची कामं तोच देतो. केयस आधी सांगतो की थोडे हातपाय मार, अनुभव घे. मग तो फायटर्स गिल्ड या लढवय्यांच्या संघटनेतल्या हासफाट अँटाबोलिसकडे पाठवतो. हासफाटला माहितीच्या बदल्यात अर्कंगथंड नावाच्या, ड्वेमर या लोप पावलेल्या वंशाच्या पडक्या वास्तूतली एक कोडेपेटी हवी असते. तो वाट तोंडी सांगतो. गावातून दक्षिणेकडून बाहेर पडायचं, नदीवरचा पूल ओलांडायचा, मूनमॉथ किल्ल्याच्या बाजूने पूर्वेला जायचं, फोयाडा ममाइयाच्या दरीवरचा जुना ड्वेमर पूल पार करायचा. दरवाजा बंद असेल, तर जवळच्या नळीवरची कळ शोधून फिरवायची. बस. नकाशावर टिंब नाही, कंपासवर बाण नाही. आत गेल्यावर डाकूंशी गाठ पडते. आणि ती पेटी मुठीत मावेल एवढी असते, फडताळावरच्या किरकोळ वस्तूंत अशी मिसळलेली की शेजारून चार वेळा गेलं तरी दिसत नाही.

ही पेटी सापडत नाही म्हणून गेम सोडणारे खूप आहेत, हे मान्य. पण ज्यांना सापडली त्यांच्या डोक्यात तो सगळा रस्ता कायमचा राहिला. किल्ला कुठे, दरी कुठे, पूल कुठे हे आजही डोळे मिटून सांगता येतं. कारण रस्ता सापडेपर्यंत जमिनीकडे बघावंच लागतं.

आता ऑब्लिव्हियनमध्ये हेच काम आलं असतं तर? कंपासवर बाण येतो, बाणाच्या दिशेने तोंड करायचं, चालत सुटायचं. आत शिरलं तरी बाण चालूच. पेटीपाशी नेऊन सोडतो. वाटेत दरी होती की शेत होतं, याच्याशी काही देणंघेणं नाही. नजर पूर्ण वेळ पडद्याच्या खालच्या पट्टीवर.

यावर ठरलेलं उत्तर येतं की नको असेल तर बाणाकडे बघू नकोस, दुसरी क्वेस्ट (गेमने दिलेलं काम) चालू करून ठेव म्हणजे तो दिसणार नाही. करून बघा. मग कळेल खरी गोची कुठे आहे. ऑब्लिव्हियनमधली बरीचशी माणसं वाट सांगतच नाहीत. जर्नलमध्ये जागेचं नाव येतं, खूण नकाशावर आपोआप उमटते, आणि लिहिणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं की खेळणारा बाण बघणार. संवादातून वाट काढून टाकली, म्हणून बाण काढता येत नाही. एक सोय आली आणि तिच्यासाठी लिहिण्याची एक अख्खी कला बाहेर गेली. याला दुरुस्ती म्हणायचं?

"तलवार लागत नाही" याबद्दल तर बोलायलाच हवं, कारण हे रडगाणं हिशोब न समजता गायलं जातं. मॉरोविंडमध्ये वार लागतो की नाही हे असं ठरतं: शस्त्राचं स्किल (कौशल्याचा आकडा), अधिक ॲजिलिटीचा (चपळाईचा) पाचवा हिस्सा, अधिक लकचा (नशिबाचा) दहावा हिस्सा. या बेरजेला दमाच्या पट्टीचा गुणक लागतो, पट्टी भरलेली असेल तर १.२५ आणि रिकामी असेल तर ०.७५. त्यातून समोरच्याची चुकवण्याची क्षमता वजा होते. आता ज्या शस्त्राचं स्किल ५ आहे ते हातात घ्या, ॲजिलिटी आणि लक ४० धरा. बेरीज १७. दम पूर्ण असताना २१, दम संपल्यावर १३ सुद्धा नाही. समोर तेवढ्याच ॲजिलिटी-लकचा ताजातवाना माणूस असेल तर त्यातले १५ वजा. म्हणजे शंभरात सहा वार लागणार, आणि पळत आलात तर एकही नाही. रेडगार्ड वंशाचं पात्र घ्या, कॉम्बॅट स्पेशलायझेशन (लढाईवर भर) निवडा, लाँग ब्लेड (लांब तलवार) हे मेजर, म्हणजे मुख्य स्किल ठेवा. मेजरचे ३०, स्पेशलायझेशनचे ५, वंशाचे १५ मिळून ५० स्किलने सुरुवात होते. आता बेरीज ६२, दम भरलेला असताना ७७, वजाबाकीनंतरही ६२. शंभरात सहा आणि शंभरात बासष्ट, एवढा फरक फक्त पहिल्या पाच मिनिटांतल्या निवडीचा.

आणि पुन्हा ती पेटी. नवा माणूस बालमोरातून अर्कंगथंडपर्यंत सगळा रस्ता पळत जातो. मॉरोविंडमध्ये पळण्याने दम उतरतो. ड्वेमर पुलाजवळ स्नोई ग्रॅनियस नावाचा शत्रू उभा असतो, तो सांगाडा उभा करतो, आणि हा माणूस रिकाम्या पट्टीने, सवय नसलेल्या शस्त्राने हवेत वार करत मरतो. मग लिहितो, तलवार लागत नाही. अरे, किल्ल्यापासून पुढे चालत जा! दम भरू दे. दम भरणारं एखादं औषध जवळ ठेव. गेम हे ओरडून सांगत नाही, ही त्याची चूक आहेच. पण हिशोब स्वच्छ आहे आणि शेवटपर्यंत तोच राहतो.

ऑब्लिव्हियनमध्ये प्रत्येक वार लागतो, ढाल धरली तर अडतो, हाताला धक्का जाणवतो. छान वाटतं, नाकारत नाही.

पण लागलेल्या वाराचं पुढे होतं काय? खेळणाऱ्याची लेव्हल वाढते तसे शत्रू ताकदवान होतात. रानातले डाकू काही लेव्हलनंतर ग्लासचं चिलखत घालून येतात, मॅरॉडर नावाचे लुटारू डेड्रिक चिलखत घालून येतात, आणि ही दोन्ही सगळ्यात भारी चिलखतांतली. हजारोंचं चिलखत अंगावर आणि वाटेत आडवा येऊन मागतो १०० नाणी! मॉरोविंडमध्ये ग्लासचं चिलखत हवं असेल तर गोस्टगेटच्या मनोऱ्यांपर्यंत जावं लागतं, आणि जवळपास पूर्ण डेड्रिक संच अंगावर घालून बसलेला माणूस टेल फिरमध्ये भेटतो, दिवायथ फिर. बास. म्हणून त्या नावांना वजन आहे. पुढच्या भागाने ते वजन गल्लीबोळात वाटून टाकलं.

सगळ्यात राग येतो तो याच गोष्टीचा, कारण शिक्षा भलत्यालाच होते. मूळ ऑब्लिव्हियनमध्ये सात मेजर स्किल, त्यांच्यात मिळून दहा वाढी झाल्या की लेव्हल तयार. ज्याने हौसेने ॲथलेटिक्स, ॲक्रोबॅटिक्स, स्पीचक्राफ्ट (पळणं, उड्या, बोलणं) मेजर ठेवलं त्याची लेव्हल पळण्या-उड्या मारण्याने आणि गप्पांनी चढते. लढण्याचं स्किल तिथेच, समोरचे गोब्लिन मात्र दुप्पट जाड. वर ॲट्रिब्यूटचा (ॲजिलिटी, लक अशा मूळ गुणांचा) हिशोब: पूर्ण +५ हवे असतील तर त्या लेव्हलमध्ये संबंधित स्किलच्या दहा वाढी लागतात. एन्ड्युरन्स (चिवटपणा) उशिरा वाढवली तर मागच्या लेव्हलांचं आयुष्य परत मिळत नाही, कारण प्रत्येक लेव्हलला तिचा दहावा हिस्साच भर पडतो. हा हिशोब मॉरोविंडमध्येही जवळपास असाच आहे, पण तिथे कुणाला तो करावासा वाटत नाही. गुहेतला माणूस आहे तेवढाच राहतो. आज हरलो तर आठ दिवसांनी येऊन जिंकतो. ऑब्लिव्हियनमध्ये आठ दिवसांनी आलं की तोही तयारी करून बसलेला.

बनवणाऱ्यांना हे कळत नव्हतं असंही नाही. ऑब्लिव्हियनमध्येच विंडासेलच्या पडक्या वास्तूत अंब्रा नावाची योद्धी उभी आहे. खेळणाऱ्याची लेव्हल काहीही असो, ती आहे तशीच. पहिल्या दिवशी गेलात तर दोन वारांत आडवे, पण उंचावर चढून बाण मारत बसलात तर लवकरच्या लेव्हललाही तिची तलवार मिळते. तिथे मॉरोविंडचा श्वास ऐकू येतो. असं आणखी पन्नास ठिकाणी का केलं नाही?

(लिहिता लिहिता जरा शांत झालोय. ऑब्लिव्हियनवर अन्याय करायचा नाही.)

शेडिनहॉलचा तो चित्रकार आठवा. राइथ लिथांडास स्वतःच्या चित्रात अडकलेला, आत सगळं झाड-पान रंगाच्या फटकाऱ्यांचं, रंगवलेले ट्रोल, आणि त्यांच्यावर चालणारं औषध म्हणजे टर्पेंटाइन, शस्त्राला लावून वार करायचा. मॉरोविंडमध्ये इतकी सुंदर कल्पना असलेली छोटी क्वेस्ट दाखवा, मी तरी दाखवू शकत नाही. स्किनग्राडच्या समिटमिस्ट मॅनरमध्ये पाच पाहुणे, दार बंद, आणि एकेकाला संशय न येता संपवायचं. डार्क ब्रदरहुड या मारेकऱ्यांच्या टोळीचं ते काम लिहिणाऱ्याला शंभर सलाम. सावलीतून लपत जाणंही पुढच्या भागातच खऱ्या अर्थाने खेळण्याजोगं झालं. आणि २००७चं शिव्हरिंग आइल्स हे ऑब्लिव्हियनचं विस्तारपॅक तर वेगळ्याच उंचीवरचं.

गिल्डांचं मात्र तसं नाही. मॉरोविंडमध्ये बढती हवी तर त्या गिल्डची स्किल्स ठरलेल्या आकड्यापर्यंत न्यावी लागतात, आणि ह्लालू, रेडोरान, टेलवानी यांतलं एकच घराणं मिळतं. ज्या इमारतीत हासफाट पेटीची वाट बघत असतो, तिथेच आयडिस फायर-आय साउथ वॉलमधल्या सोटिल्डेकडून सांकेतिक वही आणायला सांगते. वही आणून दिली आणि आधी चोरांच्या गिल्डमध्ये नाव घातलेलं नसेल, तर ते दार बंद. हे कुणी आधी सांगत नाही. एका घरातलं काम दुसऱ्या घरात दुखतं. ऑब्लिव्हियनमध्ये जेमतेम जादू येणारा माणूस आर्कमेज, म्हणजे जादूगारांच्या गिल्डचा प्रमुख होतो, वर इतर सगळ्या गिल्डांचाही प्रमुख होतो, आणि कुणाला काही वाटत नाही.

प्रवासाचंही तेच. मॉरोविंडमध्ये सिल्ट स्ट्रायडर (प्रवासी वाहणारे महाकाय किडे), होड्या, मेजेस गिल्डच्या (जादूगारांच्या) पाच शाखांमधली ये-जा, मार्क आणि रिकॉल (जागेवर खूण करून पुन्हा तिथे परतण्याची जादू), जवळच्या मंदिरात नेणारं आल्मसिव्ही इंटरव्हेन्शन, इंपीरियल देवळाशी नेणारं डिव्हाइन इंटरव्हेन्शन. हे सगळं जोडून मार्ग आखणं हाच एक खेळ. चालणं संथ वाटतंय? कॅल्डेराजवळ पेमेनी भेटते, तिला नार मोकला पोचवायचं काम घ्या, तिच्या बुटांनी स्पीड २०० वाढतो. डोळ्यांपुढे १०० टक्के अंधार येतो, म्हणून बूट चढवण्याआधी एक सेकंदाचा १०० टक्के रेझिस्ट मॅजिकाचा (जादूला प्रतिकाराचा) स्पेल बनवून घ्या. बूट चढवताना प्रतिकार चालू असला की अंधार लागत नाही, स्पीड राहतो. ब्रेटन वंशाच्या पात्राला ५० टक्के जन्मतःच असतो, त्याला अर्ध्यातच भागतं. पुढच्या भागात शहरं वेगळ्या कप्प्यांत बंद झाली, त्यामुळे उडणं गेलं. मार्क-रिकॉल गेलं. मोठी शहरं तर पहिल्यापासून नकाशावर टिचकी मारून गाठता येतात.

मॉरोविंडचं जर्नल भयानक होतं, हो. सगळं तारखेनुसार एकाखाली एक. क्वेस्टनुसार यादी ट्रायब्युनल या विस्तारपॅकसोबत आली. क्लिफ रेसर नावाचे उडते प्राणी पाठ सोडत नाहीत. काही ठिकाणी सांगितलेली वाट चक्क चुकीची आहे. झालं समाधान?

ऑब्लिव्हियनची नवी आवृत्ती खेळणाऱ्यांनी एवढं करा. तिथे ॲट्रिब्यूटचा जुना जाच नाही, दर लेव्हलला १२ गुण मिळतात आणि ते तीन ॲट्रिब्यूटमध्ये जास्तीत जास्त ५-५ असे वाटायचे. पण शत्रू अजूनही बरोबरच वाढतात. म्हणून क्वाच शहरापुढचं राक्षसी जगाचं दार लवकर बंद करा, लेव्हल पाचच्या आत. तेव्हा समोर बहुतेक स्कॅम्प (लहान राक्षस) येतात. उशीर केला तर डेड्रॉथ (मोठे राक्षस) उभे राहतात आणि सोबतचे शिपाई पटापट मरतात. शोरोल गावातल्या क्वेस्टची चिलरेंड तलवार मात्र उशिरा घ्या, ज्या लेव्हलला मिळते तिथेच ती अडकते.

आणि सकाळच्या त्या तीन ओळी लिहिणाऱ्या मित्रा, ओपनएमडब्ल्यू या मोफत इंजिनवर मॉरोविंड आजच्या मशीनवर नीट चालतो, फक्त मूळ गेमच्या फाइल्स लागतात. रेडगार्ड घे, लाँग ब्लेड घे. हासफाटचं बोलणं कागदावर उतरव. किल्ल्यापासून पुढे पळू नकोस. पूल ओलांडलास की दारावर धडका मारत बसू नकोस, आजूबाजूला नळी दिसते का बघ. आत गेल्यावर फडताळं एकेक करून बघ. पेटी हातात आली की मला कळव.