‘नाक आहे ना, मग परीक्षा कशाला?’ या मेसेजला उत्तर

पावसाळ्यात कुठे दरड कोसळली की आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. ‘घरोघरी लॅब्रॅडॉर आहेत, जर्मन शेफर्ड आहेत. कुत्र्याचं नाक माणसाच्या हजारो पट तीक्ष्ण. महिनाभर शिकवलं की कोणताही कुत्रा गाडलेला माणूस शोधेल. प्रमाणपत्राचं झंझट सोडा, कुत्रा घ्या आणि निघा.’ यंदा तो खोपोलीच्या मावशीने पाठवला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं बेपत्ता राहिली आणि शोध थांबवावा लागला. हे सगळं तिच्या घरापासून फार लांब घडलेलं नाही. तिचा जीव तुटतो, ते मला कळतं. पण मेसेज चुकीचा आहे, आणि त्यावर विश्वास ठेवून कुणी खरंच निघालं तर जीव जाईल.

मी इंग्लंडमध्ये लेक डिस्ट्रिक्टजवळ राहते. सुटीच्या दिवशी डोंगरातल्या शोधकुत्र्यांच्या सरावासाठी ‘हरवलेलं माणूस’ होऊन लपते. आम्हाला इथे डॉग्सबॉडी म्हणतात.

आधी नाकाबद्दल. ते तीक्ष्ण असतं, यात वाद नाही. दगडी बांधाच्या आडोशाला मी पिशवीत शिरून पडलेली असते, वरून पाऊस, आणि खाली उतारावर कॉली जातीची कुत्री धावता धावता एकदम मान वळवते. वारा तिला माझा वास देऊन गेलेला असतो. ती थेट माझ्यापर्यंत येते, गालाला ओलं नाक लावते आणि मागे पळते. हँडलरसमोर, म्हणजे तिला हाताळणाऱ्या माणसासमोर, भुंकते, पुन्हा माझ्याकडे, पुन्हा त्याच्याकडे, तो माझ्यापर्यंत पोहोचेस्तोवर. वास तिला जन्मापासून येतो. या खेपा घालणं शिकवावं लागतं, आणि त्याला साधारण दोन ते तीन वर्षं जातात. महिनाभरात कुत्रा ‘बस’ म्हटल्यावर बसला तरी खूप झालं.

इथली पहिली परीक्षा तर माणूस शोधण्याची नसतेच. कुत्र्याला मेंढ्यांजवळून न्यायचं आणि त्याने त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. मेंढीमागे धावला तर पुढे जाता येत नाही.

ढिगाऱ्यावरचं काम याहून वेगळं आहे. तिथे कुत्र्याने परत यायचं नाही. हँडलर दिसत नसला तरी वासाच्या जागी थांबून भुंकत राहायचं. अमेरिकेत फेमा या सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या चाचणीत ढिगाऱ्यात मुद्दाम खाणं आणि वापरलेले कपडे ठेवतात. त्यावर भुंकायचं नाही, फक्त जिवंत माणसावर. आपल्या एखाद्या वाडीचा ढिगारा डोळ्यांसमोर आणा. तांदळाचे डबे, कोंबड्या, गुरं, वाकळी, कपड्यांची बोचकी. घरचा लाडका लॅब्रॅडॉर तिथे कशाकशावर भुंकेल?

तरीही खोटं भुंकणं परवडलं. लोक चुकीच्या जागी खणतात, वेळ जातो. मला भीती वाटते ती कुत्र्याच्या गप्प राहण्याची. कुत्रा गप्प राहिला की हँडलर म्हणतो, ‘इथे कोणी नाही’, आणि सगळे पुढच्या जागेकडे वळतात. त्या शब्दावर कुणाच्या तरी आईला मागे सोडून माणसं जाणार असतात. परीक्षा या शब्दासाठी असते. एकदा सरावात आम्ही एका उतारावर कुणालाच लपवलं नव्हतं. हँडलरला ते ठाऊक नव्हतं. अखेर ‘इथे कोणी नाही’ म्हणताना त्या बाईचा आवाज कापत होता. शिकलेल्या कुत्र्यावर विसंबतानाही हे असं होतं.

मेसेजमधले ‘प्रमाणपत्राचं झंझट’ हे शब्द मला सगळ्यात जास्त लागतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात नुर्दागीला आपल्या आपत्ती प्रतिसाद दलाची, एनडीआरएफची, ज्युली ही कुत्री ढिगाऱ्यावर भुंकली. मग दुसरा कुत्रा, रोमिओ, आणून खात्री केली गेली. त्या ढिगाऱ्यातून सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली. खात्री करून घेणारी माणसं आणि कुत्री सरावातूनच घडतात. फेमाचं प्रमाणपत्रही तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा देऊन मिळवावं लागतं.

मेसेजमध्ये हँडलरचा तर उल्लेखच नाही. ब्रिटनमध्ये डोंगरातल्या शोधकुत्र्यांचं काम हॅमिश मॅकइनेस यांनी १९६५ मध्ये संघटित केलं. आज इथे कुत्रा आणण्याआधी माणसाला बचाव पथकाचा पूर्ण सदस्य व्हावं लागतं. नकाशा, प्रथमोपचार, रात्रीचा डोंगर, वारा कुठून वाहतोय, सगळं आलं पाहिजे. ओल्या चिकणमातीतून वास सहज वर येत नाही, भेगेभेगेने सरकत भलतीकडेच फुटतो. कुत्रा भुंकतो तिथेच माणूस असेल असं नाही, हे हँडलरने ओळखायचं असतं.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मला मान्य आहे: माणसं हवीत. जातिवंत कुत्राच हवा असंही नाही. अमेरिकेत विल्मा मेलव्हिल यांनी १९९६ मध्ये काढलेल्या संस्थेने निवाऱ्यातली कुत्रीही तयार केली.

मावशीला मी कळवलंय: तुझ्या शेजारचा मुलगा उत्साही आहे, त्याच्याकडे कुत्राही आहे. त्याला आधी गिर्यारोहकांच्या बचाव पथकात जाऊ दे, दोन पावसाळे दोर ओढू दे. आणि तू, गुडघे दुखत असले तरी, झुडपामागे दोन तास गप्प बसू शकतेस. सरावाला लपणारी माणसं नेहमीच कमी पडतात.