आडव्या पानांची पीडीएफ

सर, 'ठाणे-वाशी लोकलमध्ये उभं राहून पाहा, मोबाईलवर अभ्यास करणारी शंभरात दोन मुलं सापडली तर मी दंड भरतो. आम्ही ग्रंथसंग्रहालयात बसून टिपणं काढली, म्हणून डोक्यात राहिलं,' असं तुम्ही लिहिलंत. दंड भरायची वेळ तुमच्यावर येणार नाही, हे आधीच कबूल करते. रोज त्याच गाडीने जाते मी. ऐरोली, रबाळे, घणसोली, सगळीकडे अंगठे रील्सच सरकवत असतात. सोमवारी सकाळी माझाही.

ठाण्याचं ग्रंथसंग्रहालय 1893चं, त्याचा मलाही अभिमान आहे. पण माझ्या वर्गातली बरीच मुलं दिवा-कळव्याहून येतात आणि कॉलेज सुटलं की दुकानात नाहीतर गोडाउनमध्ये कामाला लागतात. ग्रंथालय उघडं असतं तेव्हा ती कामावर. घरी खोली एक, माणसं पाच. वाचायला उरते ती गाडी आणि मध्यरात्र.

आणि तिथे त्यांच्या हातात आम्ही शिक्षक काय देतो? पुस्तकाच्या पानांचे फोटो, त्यातले निम्मे आडवे, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा. फाईल 20 एमबीची. दिवसाचा दीड जीबी संपला की बऱ्याच पॅकमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला फार तर 8 केबी. ती फाईल उतरेपर्यंत 40 मिनिटं जातात, तोवर वाशी येऊनही गेलेलं असतं. म्हणून मुलं रात्री 12 वाजायची, नवा डेटा मिळायची वाट बघतात. तोच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला तर फाईल एक एमबीचीही होत नाही, शिवाय त्यात हवा तो शब्द शोधता येतो. परवापर्यंत मीही फोटोच पाठवत होते, तेव्हा हे आधी मलाच लागू.

टिपणांचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं. एका मुलीच्या फोनमध्ये एकाच पेपरचे 400 स्क्रीनशॉट होते. 'वाचलेस किती?' विचारलं तर नुसती हसली. तेव्हापासून नियम केलाय: वाचा मोबाईलवरच, पण आठवड्याला हाताने लिहिलेलं एक पान मला दाखवा. पहिल्या आठवड्यात 60 जणांच्या वर्गातून 11 पानं आली. त्यातली 3 एकाच हस्ताक्षरातली.