परिकल्पनेचे ‘पाच नियम’ पुढे पाठवण्याआधी

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की खानापूरपासून निपाणीपर्यंत शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो: ‘उत्तम परिकल्पना लिहिण्याचे पाच नियम’. ते असे. एक, परिकल्पना म्हणजे अभ्यास करून बांधलेला अंदाज. दोन, ती ‘जर… तर…’ याच साच्यात लिहावी. तीन, प्रयोगाने ती सिद्ध झालीच पाहिजे. न झाल्यास निकाल पाहून दुरुस्त करून घ्यावी. चार, एका प्रकल्पाला एकच परिकल्पना. पाच, सिद्ध झालेली परिकल्पना सिद्धांत होते आणि सिद्धांत पक्का झाला की नियम.

सीमाभागातल्या आपल्या मराठी शाळांपर्यंत मराठीतलं विज्ञानाचं पूरक साहित्य फार कमी पोचतं. म्हणून असा मेसेज पाठ्यपुस्तकाच्या तोलाचा होऊन बसतो आणि मुलं तो जसाच्या तसा तक्त्यावर उतरवतात. या पाचांतला एकही नियम लिहिलाय तसा टिकत नाही. तिसरा तर मुलांना खोटं लिहायला शिकवतो, म्हणून तो शेवटी आणि सविस्तर घेतो.

‘परिकल्पना म्हणजे अंदाज.’ पावसाळ्यात बेळगावपेक्षा घाटातल्या कणकुंबीत जास्त पाऊस पडेल, हा अंदाज आहे. तो खरा ठरतो, पण त्यातून नवं काहीच कळत नाही. परिकल्पना कारण सांगते: समुद्रावरून येणारे ओले वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपलं पाणी तिथेच टाकतात. एवढं म्हटलं की त्यातून तपासता येतील अशा कितीतरी गोष्टी निघतात. कणकुंबी, जांबोटी, बेळगाव, गोकाक, अथणी असं पूर्वेकडे जाऊ तसा जून ते सप्टेंबरचा पाऊस घटत गेला पाहिजे. ऑक्टोबरनंतर वारे फिरतात, तेव्हा हा फरक बराच कमी झाला पाहिजे. ही दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण नुसता ‘घाटात पाऊस जास्त’ एवढाच अंदाज बांधणाऱ्याच्या डोक्यात ती येणारच नाही. पर्जन्यमापकाच्या नोंदींत ती दिसली नाही, तर वाऱ्यांच्या दिशेवर उभं केलेलं कारण पुन्हा तपासावं लागेल.

पाचव्या नियमाचं लगेच उरकतो. परिकल्पना, सिद्धांत, नियम अशी बढतीची पायरी विज्ञानात नाही. काय घडतं ते नियम सांगतो, का घडतं ते सिद्धांत सांगतो. वायूचा दाब आणि आकारमान यांचं नातं सांगणारा बॉइलचा नियम 1662 चा आहे. त्याचं कारण रेणूंच्या हालचालींत शोधणारा सिद्धांत पुरता उभा राहिला तो 19व्या शतकात. म्हणजे इथे नियमच आधी आला.

‘जर… तर… याच साच्यात लिहावी.’ साचा वाईट नाही, पण साच्यात बसलं म्हणजे काम झालं हा समज वाईट आहे. ‘जर शेणखत घातलं तर रताळी चांगली येतील’ हे वाक्य दर वर्षी कुठल्या ना कुठल्या तक्त्यावर असतं. चांगली म्हणजे आकाराने, वजनाने की गोडीने? कशाच्या तुलनेत? किती खत? उत्तर कुठेच नाही, त्यामुळे काहीही उगवलं तरी वाक्य खरंच ठरतं. त्याऐवजी हे पाहा: ‘नत्र गरजेपेक्षा जास्त झालं की रताळ्याचा वेल पाल्यात वाढतो आणि कंद पोसायला कमी पडतं. म्हणून एकाच तांबड्या शेतात, एकाच दिवशी, सारखेच वेल लावलेल्या वाफ्यांपैकी दुप्पट युरिया दिलेल्या वाफ्यांत पाल्याचं वजन जास्त आणि कंदांचं कमी भरेल.’ यात ‘जर’ नाही की ‘तर’ नाही. पण काढणीच्या दिवशी तराजूवर पाला आणि कंद दोन्ही जास्त भरले, तर हे विधान पडतं. कसं पडेल ते आधीच ठरलेलं आहे, यातच त्याची किंमत आहे. कोणत्या वाफ्याला किती युरिया हे मात्र चिठ्ठ्या टाकून ठरवावं, नाहीतर बांधाकडची चांगली माती नकळत एकाच बाजूला जाते.

जमेल तिथे आकडाही हवा. 29 मे 1919 च्या खग्रास सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून जाताना किती वाकतो ते मोजलं गेलं. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाने हिशेब केला तर सुमारे 0.87 कोनीय सेकंद (एक कोनीय सेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग), आइन्स्टाइनच्या 1915 च्या सिद्धांताने सुमारे 1.75. ‘जर प्रकाश सूर्याजवळून गेला तर वाकेल’ एवढंच लिहिलं असतं तर दोघेही पास झाले असते. मोजमाप आइन्स्टाइनच्या आकड्याजवळ आलं म्हणून निवाडा झाला.

‘एका प्रकल्पाला एकच परिकल्पना.’ हे वाचून मला खरंच वाईट वाटतं, कारण आपल्या शिवारातले सगळ्यात चांगले प्रश्न याच नियमाने मारले जातात. बेळगावच्या शहापूर, वडगाव, येळ्ळूर भागातली जुनी माणसं म्हणतात, बासमतीला पहिल्यासारखा वास राहिला नाही. का राहिला नाही? कुणी म्हणतं बियाण्यात भेसळ झाली. कुणी म्हणतं बळ्ळारी नाल्याचं सांडपाणी शेतात शिरतं म्हणून. आणखी एक शक्यता म्हणजे दाणा भरताना उष्मा जास्त असतो. सुवासिक भाताचा वास त्या काळातल्या गारव्यात चांगला टिकतो हे माहीत आहे. आता तिन्ही शेजारी ठेवा. बियाण्याचा दोष असेल तर जपून ठेवलेलं शुद्ध बियाणं त्याच शेतात, त्याच पाण्यावर वास देईल. पाण्याचा असेल तर तेच बियाणं नाल्यापासून लांब, विहिरीच्या पाण्यावर वेगळं निघेल. उष्म्याचा असेल तर उशिरा लावलेल्या, थंडीत दाणा भरलेल्या भाताला वास जास्त येईल. वास मोजायला यंत्र नसलं तरी चालेल. शिजवलेल्या भाताच्या वाट्यांना नुसते नंबर द्यायचे आणि वास घेणाऱ्याला कोणती वाटी कुठली ते सांगायचं नाही. एकच परिकल्पना धरून बसलेलं मूल पहिल्याच अनुकूल निकालावर थांबलं असतं.

व्हिएन्नाच्या रुग्णालयात झेमेलवाइस या डॉक्टरने हेच केलं. तिथे दोन प्रसूती विभाग होते आणि पहिल्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बाया मरत होत्या. गर्दीमुळे? गर्दी तर दुसऱ्या विभागात जास्त होती. प्रसूतीच्या वेळी झोपण्याच्या पद्धतीमुळे? ती बदलून पाहिली, फरक पडला नाही. मग शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणींना तपासायला येणाऱ्या विद्यार्थ्यांचे हात उरले. 1847 मध्ये त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि मृत्यू झपाट्याने उतरले. आधी खोडलेल्या परिकल्पनांनीच त्याला तिथवर नेलं.

राहिला तिसरा. ‘सिद्ध झालीच पाहिजे’ हे मुळात शक्य नाही. अनुकूल निकाल आला म्हणजे परिकल्पना एका परीक्षेतून वाचली, इतकंच. तोच निकाल देणारं दुसरं कारण असू शकतं. पण खरा घात पुढच्या अर्ध्या वाक्यात आहे: निकाल पाहून दुरुस्त करा. चार वाफ्यांपैकी दोन उलटे आले की मूल ते दोन तक्त्यावरून गाळतं, किंवा परिकल्पनाच बदलून ‘आम्हाला हेच अपेक्षित होतं’ असं लिहितं. कुणी त्याला लबाडी शिकवलेली नसते, ते बिचारं नियम पाळत असतं. मोठे संशोधकही हे करतात. 1998 मध्ये नॉर्बर्ट कर या मानसशास्त्रज्ञाने या सवयीवर लेख लिहून तिचे तोटे मांडले. औषधांच्या चाचण्यांत तर हे जिवावर बेततं. म्हणून काय मोजणार हे चाचणीआधीच जाहीर नोंदवावं लागतं. भारतातली अशी नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली आणि 2009 पासून नोंदणी सक्तीची आहे. निकाल पाहून नवी परिकल्पना सुचली तर जरूर लिहावी, पण ‘नंतर सुचलेली’ असं म्हणून, आणि तिच्यासाठी नवे वाफे घालावेत.

शाळेत हे करायला पैसा लागत नाही. लागवडीआधी वहीच्या पानावर परिकल्पना, तारीख, आणि ‘काय दिसलं तर आम्ही ही सोडून देऊ’ ही एक ओळ लिहायची, खाली सरांची किंवा बाईंची सही घ्यायची. ते पान प्रदर्शनात तक्त्याशेजारी ठेवायचं. परीक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: आधी ते पान मागा, आणि ज्या मुलीची परिकल्पना पडली पण वही खरी आहे, तिचे गुण कापू नका.