फेस ॲक्टमध्ये ‘किती फूट’ हे कुठेच लिहिलेलं नाही

अमेरिकेतल्या गर्भपात क्लिनिकांबाहेरच्या निदर्शनांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘फेस ॲक्ट आहे ना!’ जणू त्या कायद्याने निदर्शकांना दारापासून लांब हटवलंय. पण क्लिनिकमध्ये ये-जा करणाऱ्यांना अडवण्याविरुद्धच्या १९९४ च्या या फेडरल (केंद्रीय) कायद्यात अंतराचा एकही आकडा नाही.

गुन्हा आहे तो बळजबरीचा, धमकीचा, प्रत्यक्ष अडवणुकीचा आणि मुद्दाम केलेल्या नासधुशीचा. समोरची व्यक्ती ही सेवा घेते किंवा देते ‘म्हणून’ हे केलं, हेही सिद्ध करावं लागतं. फलक धरून उभं राहणं, पत्रकं वाटणं, मोठ्याने प्रार्थना करणं यात बसत नाही. दाराला साखळीने स्वतःला बांधून घेणं बसतं. आणि दार पूर्ण बंदच व्हायला हवं असंही नाही. ये-जा अवाजवी अवघड किंवा धोक्याची केली तरी ती अडवणूकच. नेमकं हेच विसरलं जातं. पहिल्या अहिंसक अडवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० डॉलरपर्यंत दंड. (हाच कायदा प्रार्थनास्थळांनाही संरक्षण देतो, हे दोन्ही बाजूंच्या भाषणांत क्वचितच येतं.)

अंतराचे नियम राज्यांनी आणि शहरांनी केले, आणि खरी गोची तिथे आहे. कोलोरॅडोत दारापासून १०० फुटांच्या आत, समोरच्याच्या संमतीशिवाय पत्रक द्यायला किंवा समजावायला ८ फुटांपेक्षा जवळ जायचं नाही. सुप्रीम कोर्टाने २००० साली हे मान्य केलं. पण बंदी जवळ ‘जाण्याला’ आहे. निदर्शक जागेवर उभा राहिला आणि पेशंटच त्याच्या शेजारून गेली, तर नियम मोडत नाही. अरुंद फुटपाथवर तेच होणार. माणसाबरोबर सरकणारं १५ फुटांचं वर्तुळ १९९७ मध्ये याच कोर्टाने फेटाळलं होतं, ते मला पटतं: चालत्या माणसापासून १५ फूट मोजत कोण मागे सरकणार?

मॅसॅच्युसेट्सने दाराभोवती ३५ फुटांची पक्की रेषा आखली. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती एकमताने रद्द केली, कारण राज्याने आधी सौम्य उपाय करून पाहिले नव्हते. त्याच वर्षी राज्याने नवा कायदा केला: कुणी ये-जा बरीच अडवली तर पोलीस लेखी आदेश देऊन जमावाला दारापासून २५ फूट मागे हटवू शकतात, आठ तास किंवा क्लिनिक बंद होईपर्यंत. माझ्या मते यातली सर्वांत शहाणी रचना हीच. कारवाई वागणुकीवर होते, पण पोलिसाच्या हातात मोजता येणारी रेषा असते.

जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी फेस ॲक्टखालच्या २३ दोषींना माफी दिली. पाठोपाठ न्याय विभागाने गर्भपाताशी संबंधित असे खटले मृत्यू, गंभीर इजा, मोठी नासधूस अशा अपवादात्मक प्रसंगांपुरतेच ठेवायचं ठरवलं. पण म्हणून ‘कायदा मेला’ असं म्हणू नका. दिवाणी वाट उघडी आहे: पेशंट, डॉक्टर किंवा क्लिनिक स्वतः दावा लावू शकतात, राज्याचा ॲटर्नी जनरलही. प्रत्यक्ष नुकसानीच्या भरपाईऐवजी वादी दर उल्लंघनामागे ५,००० डॉलर मागू शकतो.

असा दावा टिकतो तो नोंदींवर. कॅमेरा फक्त चेहऱ्यांवर नको. दार आणि फुटपाथ एकाच चौकटीत दिसले पाहिजेत. तारीख, वेळ, वाट किती फूट मोकळी उरली, कोणाला थांबावं लागलं, किती मिनिटं. नुसतं ‘त्रास दिला’ लिहिलेली वही कोर्टात उपयोगाची नाही.