सरपंचाच्या सहीचे ‘कोट्यवधी’

‘सरकार प्रत्येक ग्रामपंचायतीला कोट्यवधी देतं, सरपंच एकट्याच्या सहीने ते उडवतो, आणि गावाला हिशेब मागायचा अधिकारच नाही.’ हा मजकूर व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरून येतो. मला सरपंचांची वकिली करायची नाही. पण निदान शिव्या तरी माहिती घेऊन द्याव्यात.

आधी ते कोट्यवधी. हजार-दीड हजार वस्तीच्या गावाला वित्त आयोगाच्या शिफारशीने केंद्राकडून वर्षाला मिळतात ते काही लाख. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून त्यातले ६० टक्के ‘बंधित’ होते, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. त्यातून गटार बांधा, टाकी दुरुस्त करा, सभामंडप नाही.

एकट्याची सही? पैसे काढायला सरपंचासोबत ग्रामपंचायत अधिकारीही (पूर्वीचा ग्रामसेवक) लागतो. बांधकाम असेल तर अभियंत्याने मोजमाप पुस्तिकेत नोंद केल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. म्हणून कुणी खातच नाही असं नाही. पण एकट्याला पचत नाही, साखळी लागते. शिव्या द्यायच्याच तर पूर्ण साखळीला द्या.

हिशेबाचं म्हणणं मात्र साफ खोटं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की खर्च दिसतो. मी आमच्या गावाचा काढला. पथदिव्यांची खरेदी होती, आणि देवळामागचा खांब तर दिवाळीपासून अंधारात. ग्रामसभेत विचारलं तेव्हा साठा नोंदवही काढावी लागली. दोन दिवे कपाटातच निघाले.

विचारणारे किती होते, तो भाग जास्त बोचरा आहे. ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यातली जी संख्या कमी असेल तेवढे हजर लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. मग ओट्यावरचे दहा-बारा जण अख्ख्या गावाचा आराखडा मंजूर करून घरी जातात. काही ठिकाणी तेवढीही वाट बघत नाहीत. मागच्या खेपेला शिपाई रजिस्टर घेऊन आमच्या दारात आला. “तात्या, इथं एक सही मारा, कोरम भरायचाय.” तात्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विषय काय होते ते न विचारता सही केली.

वरचा मजकूर मला त्याच रात्री तात्यांनीच पाठवला.