‘कोएक्सियल म्हणजे डबा’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गाडीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज लय फिरायलाय. त्यात म्हटलंय की कोएक्सियल स्पीकर म्हणजे डबा, कंपनीच्या स्पीकरपेक्षा काय वेगळे नाहीत, खरा आवाज पाहिजे तर कॉम्पोनंटच घ्या आणि चारी दारांत घ्या, अँपची (आवाजाला पॉवर देणाऱ्या वेगळ्या अँप्लिफायरची) गरज नाही कारण स्टिरिओवर 50 गुणिले 4 वॅट लिहिलेलं असतंय, आणि बजेट नसलंच तर 4-वे कोएक्सियल (एकातच चार छोटे-मोठे स्पीकर) घ्या, जितके वे जास्त तितका आवाज क्लिअर. कोल्हापुरातली पोरं पगारातनं पैसे साठवून गाडीत म्युझिक करतात, आणि हा मेसेज वाचून ते पैसे चुकीच्या जागी जायलेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी डब्याचं बघू. कोएक्सियल म्हणजे जाड आवाजाच्या वूफरच्या बरोबर मधे दांडीवर बसवलेला बारीक आवाजाचा ट्विटर. कॉम्पोनंट म्हणजे वूफर वेगळा, ट्विटर वेगळा आणि त्यांना आपापला आवाज वाटून देणारी क्रॉसओव्हरची डबी वेगळी. आता एकाच मध्यावर दोन्ही बसवणं ही रचनाच हलकी असती तर टॅनॉय कंपनीनं 1947 मध्ये असाच ड्युअल कॉन्सेंट्रिक स्पीकर काढला तो रेकॉर्डिंग स्टुडिओत गेला असता का? केईएफ ही स्पीकर कंपनी 1988 पासून युनि-क्यू स्पीकर काढतंय, तेही त्याच तत्त्वावर. हां, गाडीतल्या स्वस्त कोएक्सियलमध्ये ट्विटरला जाड आवाज अडवायला नुसता एक कपॅसिटर लावलेला असतो आणि वूफरला काहीच नसतं, तिथं कॉम्पोनंटची डबी नक्कीच उजवी. पण ती काटकसर किमतीची आहे, कोएक्सियल या प्रकाराची नव्हे. चांगल्या कोएक्सियलचा आवाज भिकार कॉम्पोनंटपेक्षा कधीही बरा.

कॉम्पोनंटचा खरा फायदा काय ते मेसेजमध्ये आलेलंच नाही! तो आहे जागेचा. वरच्या पट्टीतला आवाज सरळ जातो, वळत नाही. 3000 हर्ट्झला लहरीची लांबी साधारण 11 सेंटिमीटर, 10000 हर्ट्झला साडेतीनच्या आत, म्हणजे मधे पाय आला, पाण्याची बाटली आली की तो आवाज अडला. कोएक्सियलचा ट्विटर दारात खाली गुडघ्याजवळ राहतो आणि कॉम्पोनंटचा काचेशेजारच्या खांबावर किंवा आरशाच्या आतल्या त्रिकोणात वर बसवता येतो, मग गाणारा माणूस डॅशबोर्डवर समोर उभा असल्यासारखा वाटतो. हे मला शंभर टक्के मान्य आहे. पण ट्विटर वर बसवला तरच हे होतं. एका मित्राच्या गाडीचं डोअर पॅड (दाराचं आतलं कव्हर) आम्ही खोललं होतं, नवाकोरा कॉम्पोनंट सेट, आणि बसवणाऱ्यानं खांब खोलायचा कंटाळा करून ट्विटर खालीच वूफरशेजारी जाळीमागं चिकटवलेला, क्रॉसओव्हरची डबी दाराच्या आत केबल टायनं लोंबकळत ठेवलेली आणि तिच्यावर पाण्याचे ओघळ वाळलेले. पैसे कॉम्पोनंटचे दिले आणि फायदा कोएक्सियलचाही मिळाला नाही.

त्या पाण्यावरनं आठवलं, दाराबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही आणि माझ्या मते निम्मा आवाज दारात आहे. दाराच्या बाहेरच्या पत्र्यामागं पावसाचं पाणी उतरतंच, काचेच्या रबरातनं आत येतं आणि खालच्या भोकातनं बाहेर जातं, गाडी तशीच बनवलेली असते. ते पॅडकडं येऊ नये म्हणून आत प्लास्टिकचा कागद डकवलेला असतो. स्पीकर बदलताना तो टराटरा फाडतात आणि तसाच सोडतात, मग गगनबावड्याच्या बाजूला पावसाळ्यात एक फेरी झाली की पॅड ओलं, कपलरला (वायर जोडायच्या प्लगला) गंज. म्हणून इकडच्या पावसात स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) कागदीपेक्षा पॉलीचा, म्हणजे प्लास्टिकचा बरा. आणि बेस का येत नाही? स्पीकरच्या मागनं निघालेली लहर पत्र्याच्या भोकांतनं पुढं येते आणि पुढच्या लहरीला मारते. मोठी भोकं बंद करून पत्र्याची थरथर दाबणारं ब्युटाइल रबराचं डॅम्पिंग शीट लावलं आणि स्पीकर डगमगत्या पट्टीऐवजी घट्ट रिंगवर बसवला की साध्या कोएक्सियलचा बेस ऐकून माणूस वेगळा सबवूफर टाकलाय का विचारतो.

50 गुणिले 4 चा आकडा तर सोडूनच द्या. तो पीक वॅट आहे, क्षणभराचा. इंजिन चालू असताना गाडीत 14 व्होल्टच्या आसपास असतात, त्यावर 4 ओहमच्या स्पीकरला स्टिरिओतली चिप सलग देऊ शकते साधारण 15 ते 20 वॅट आरएमएस (सलग टिकणारी पॉवर), बास. त्यामुळं खोक्यावर वॅट बघण्याआधी सेन्सिटिव्हिटी बघा, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो तो डेसिबलचा आकडा. 88 डेसिबलच्या स्पीकरला जितका आवाज काढायला 30 वॅट लागतात तितकाच 91 वाला 15 वॅटमध्ये काढतो, कारण 3 डेसिबल म्हणजे दुप्पट पॉवर. बरेच कॉम्पोनंट सेट अँप गृहीत धरून बनवलेले असतात, ते नुसत्या स्टिरिओवर मरगळलेले वाजतात, मग पोरगं आवाज शेवटपर्यंत वाढवतं, सिग्नल फाटतो आणि ट्विटर जळतो.

चारी दारांत कॉम्पोनंट हा तर सरळ पैशाचा चुराडा. ऐकणारे दोघं पुढं बसलेत, आवाजाचं चित्र पुढंच उभं राहायला पाहिजे, मागनं भारी ट्विटर मारला की गायक डोक्यामागं सरकतो. 4-वेचं थोडक्यात: त्या दांडीवरचे जादाचे बारके ट्विटर एकमेकांत आवाज मिसळून घोळ घालतात, चांगला 2-वे घ्या.

मग घ्यायचं काय? कंपनीचा स्टिरिओ ठेवणार, अँप टाकणार नाही, तर पुढं चांगल्या सेन्सिटिव्हिटीचे कोएक्सियल घ्या आणि उरलेले पैसे डॅम्पिंगवर घाला. 4 चॅनल अँप घेणार असाल, ट्विटर वर बसवून घेणार असाल, आणि सेटिंग कानानं ऐकून करणारा माणूस ओळखीचा असेल, तर पुढं कॉम्पोनंट घ्याच, नाद खुळा वाजतंय. तुमच्या मॉडेलला कंपनीनंच वर ट्विटरची जागा दिली असेल तर काम निम्मं सोपं. मागचे कंपनीचे राहू देत. वायर कापू देऊ नका, गाडीचा कपलर मिळतो तो मागा, वॉरंटीत गाडी असेल तर नंतर वाद नको. आणि पॅड खोलताना तिथंच उभं राहा, तो प्लास्टिकचा कागद परत नीट चिकटवल्याशिवाय पॅड लावू देऊ नका.