सह्या मारणारा साहेब

गणपती जवळ आले की एक वाक्य गावाकडच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतं. एसपी साहेब, म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक, एसी केबिनमध्ये बसून सह्या मारतात, उन्हापावसात राबतो तो हवालदार. विलायतेत बघा, मोठे अधिकारीसुद्धा पायी गस्त घालतात. हवालदार राबतो, त्याबद्दल वाद नाही. पण मी इंग्लंडात राहतो, आणि इथला सुपरिंटेंडंट यांना नेमका कुठल्या रस्त्यावर भेटला, हे मला ऐकायचंय. तोही सह्याच मारतो. गंभीर गुन्ह्यातल्या संशयिताला २४ तासांपलीकडे, ३६ तासांपर्यंत डांबून ठेवायचं तर १९८४च्या पेस (पोलीस आणि फौजदारी पुरावा) कायद्याने त्याची परवानगी लागते. त्यासाठी तो कस्टडी रेकॉर्ड (अटकेतल्या माणसाची नोंद) वाचतो, वकिलाचं म्हणणं ऐकतो, कारणं नोंदवतो. आपल्याकडे २४ तासांनंतर थेट मॅजिस्ट्रेट. पोलिसाच्या सहीवर एक तासही वाढत नाही. (पुढे पोलीस कोठडी किती दिवसांची मिळते, हा विषय मी मुद्दाम काढत नाही.)

आता जिल्ह्याच्या एसपींचा दिवस घ्या. उठल्याबरोबर नियंत्रण कक्षाचा अहवाल: रात्रीतले खून, दरोडे, जबरी चोऱ्या, घरफोड्या, अपघाती मृत्यू, नाईट राऊंडला कोण अधिकारी होते. मग जिल्हा विशेष शाखेचा कागद: आज कुठे मोर्चा, कुठे उपोषण, कोणाचा दौरा. ऑफिसला पोचण्याआधी एसडीपीओ (उपविभागीय पोलीस अधिकारी) आणि एलसीबीच्या, म्हणजे स्थानिक गुन्हे शाखेच्या, पीआयशी (पोलीस निरीक्षकाशी) फोन झालेले असतात. ऑफिसात टपाल, रजा, विभागीय चौकश्या, आणि बाहेर बाकावर अभ्यागत. त्यांतले बरेच 'ठाण्यात तक्रारच घेत नाहीत' म्हणून आलेले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४)ने हा अर्ज थेट अधीक्षकाकडे येतो. दखलपात्र गुन्हा दिसला तर त्याने स्वतः तपास करायचा किंवा हाताखालच्याला लावायचा. दुपारी जिल्हाधिकाऱ्यांकडे बैठक, संध्याकाळी शांतता समिती आणि मिरवणुकीच्या मार्गाची पाहणी: अरुंद वळण, लोंबत्या तारा, एसआरपीचा (राज्य राखीव पोलिसांचा) पॉइंट कुठे, दंगल नियंत्रण पथक कोणत्या गल्लीतून आत घुसणार.

आणि त्या सह्या. टोळीच्या तडीपारीची फाइल घ्या. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१चं कलम ५५, आदेश अधीक्षकाचा, मुदत जास्तीत जास्त २ वर्षं. आधी नोटीस, चौकशी, समोरच्याचं म्हणणं. शेवटचा गुन्हा आणि प्रस्ताव यांत महिनोन्महिने गेले, किंवा एका तालुक्यातल्या उपद्रवासाठी शेजारचे दोन जिल्हे का जोडले याचं कारण लिहिलं नाही, तर हायकोर्टात आदेश टिकत नाही. एमपीडीएच्या, म्हणजे धोकादायक गुंडाला स्थानबद्ध करण्याच्या कायद्याच्या, प्रस्तावात गोपनीय साक्षीदारांचे जबाब वरिष्ठाने पडताळले नसले की तेच. गुंड हार घालून परत येतो आणि लोक म्हणतात पोलीस मिळालेले आहेत. बऱ्याचदा कोणी मिळालेलं नसतं. घाईत सही झालेली असते.

दर महिन्याच्या गुन्हे आढावा बैठकीत हेच उलगडत बसायचं. कोणत्या गुन्ह्यात दोषारोपपत्राचे ६० किंवा ९० दिवस भरत आले, सीए (रासायनिक तपासणीचा) रिपोर्ट कुठे अडकला, समन्स-वॉरंटची बजावणी किती, जप्त मुद्देमालाची निर्गती किती. दोषारोपपत्र एक दिवस चुकलं की आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो, मग पुरावा कितीही भक्कम असो.

इथे इंग्लंडात हीच कामं वाटलेली आहेत. अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार प्रोफेशनल स्टँडर्ड्स या वेगळ्या शाखेकडे, मॅच आणि मोर्च्याचं नियोजन वेगळ्या टीमकडे, गंभीर गुन्ह्यात चार्ज लावायचा की नाही ते सीपीएसकडे, म्हणजे सरकारी वकिलांच्या यंत्रणेकडे. रात्री ऑन-कॉल सुपरिंटेंडंटचं रोस्टर असतं. ज्याची पाळी नाही तो झोपतो. आपल्या एसपीला मुख्यालय सोडायलाही परवानगी लागते. हे सगळं एका माणसाच्या डोक्यावर घालून वर त्याने पायी फिरावं म्हणायचं!

खरा राग यायला हवा तो बदलीचा. सुप्रीम कोर्टाने २००६मध्ये प्रकाश सिंह खटल्यात सांगितलं, जिल्ह्याच्या एसपीला किमान २ वर्षं द्या. महाराष्ट्राने २०१४मध्ये पोलीस कायदा दुरुस्त केला आणि 'प्रशासकीय निकड' अशी खिडकी उघडी ठेवली. त्या खिडकीतून जिल्हा ओळखायला लागलेला माणूस निघून जातो. तेव्हा ग्रुपवर 'साहेब गेले, हळहळ' एवढंच.

काउन्सिल टॅक्समधला पोलिसांचा हिस्सा मी भरतो, आणि पीसीसीच्या (पोलिसांवर देखरेख ठेवणाऱ्या, लोकांनी निवडलेल्या कमिशनरच्या) निवडणुकीत भारतीय पासपोर्टावरही मत देता येतं. तरी इथल्या चीफ कॉन्स्टेबलचं, म्हणजे पोलीस दलाच्या प्रमुखाचं, नाव मला शोधून सांगावं लागेल. जिल्ह्यात कोण एसपी आले, आधी कुठे होते, एलसीबीला कोणता पीआय आणला, हे मात्र त्याच दिवशी ठाऊक असतं. मग तिकडच्या वादात तोंड घालायचा मला हक्क काय, असं कोणी विचारलं तर चांगलं उत्तर नाही. पण 'विलायतेत बघा' म्हणणाऱ्यांपेक्षा विलायत मला जरा जास्त दिसते, एवढं तरी मान्य करा.